गोड तेवढं कळतं

स्टेनफेल्ड, २ नोव्हेंबर २०१०

हिल्डे,

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र उचलावं लागत नाही, ते दाराच्या फटीतून आपोआप आत पडतं आणि पायात येतं. वाच नाहीतर शेगडीत घाल, पण आलंच नाही असं मात्र म्हणू नकोस.

आज सकाळी आजीच्या थडग्यावर शेवंती ठेवून आले. शेजारच्या मॉरित्सने त्याच्या आईसाठी एवढी मोठी कुंडी आणली होती की बस. जिवंत होती तेव्हा बिचारीला तेवढी मोठी खोली दिली असती तर बरं झालं असतं. मी तोंडावर काही बोलले नाही. हल्ली मी बरंच काही बोलत नाही, तुला आश्चर्य वाटेल.

घरी सगळं ठीक आहे. छप्पर गळत नाही. कोंबड्या अंडी देतात. यंदा चेरी भरपूर आल्या, फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. बाबा बरा आहे. जरा सर्दी असते, एवढंच. पिंपांच्या कोठारात रोज फेरी मारतो, कोळिष्टकांना हात लावू देत नाही. मध्ये एक नर्स आली होती, ती झाडू घेऊन कोठारात शिरली तर हा असा ओरडला की बाई झाडू टाकून पळाली. ‘ते कोळी चिलटं खातात! चिलटं माझी बिअर नासवतात! तुम्ही काय खाता?’ असं तिला विचारलं. तेव्हा तब्येत कशी आहे ते तूच समज.

परवा मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि इकडे दूध उतू जाऊन करपलं. करपट वास रस्त्यापर्यंत गेला. मॉरित्स धावत आला, आणि तुझा बाप त्याच शेगडीकडे पाठ करून पेपर वाचत बसलेला. वर ‘काय झालं?’ म्हणून आम्हालाच विचारतो. म्हातारपण, दुसरं काय.

अठरा डिसेंबरला चर्चसमोर हिवाळी मेळा आहे. ये. चार वर्षं झाली. तो तुझं नाव काढत नाही, पण तुझे रबरी बूट अजून मागच्या दाराशी उभे आहेत आणि मी ते हलवले की पुन्हा जागच्या जागी येतात. मी तर ठेवत नाही. कोंबड्याही ठेवत नसाव्यात.

आई


स्टेनफेल्ड, १७ नोव्हेंबर

हिल्डे,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सर्दी वगैरे काही नाही.

मे महिन्यात बाबा पडला. वरच्या रांगेतलं पिंप बघायला शिडीवर चढला होता, पायरी मोडली, आणि डोक्याची मागची बाजू फरशीवर आपटली. आठवडाभर हॉस्पिटलात होता. नर्स घरी येत होती ती त्यासाठीच. तुला कळवायचं नाही असं त्याने बजावलं होतं. ‘मी आडवा पडलोय म्हणून येणार असेल तर नको. मी उभा असताना येईल तेव्हा येईल.’ आता तू म्हणशील, दोघंही सारखेच. आहातच.

हाडं जुळली. नाक गेलं. म्हणजे आहे जागच्या जागी, चेहऱ्यावर शोभतंय, पण त्याला वास येत नाही. कशाचाच. कॉफीचा नाही, कुत्र्याचा नाही, माझा नाही. डॉक्टर म्हणाला, मागून मार बसला की नाकाच्या आतले धागे तुटतात. जुळले तर वर्षभरात जुळतात. नाही जुळले तर? त्याने खांदे उडवले. त्याच्यापुढे बसलेल्या माणसाचा धंदा काय, हे त्याला मी सांगितलं तेव्हा मात्र त्याने खांदे उडवायचं थांबवलं.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं कळतं. त्यातही गोड सगळ्यात स्पष्ट. आंबटाचं काय ते त्याने एकदा जेवताना सांगितलं. ‘आंबट आहे हे कळतं, लुटगार्ड. कुठलं आंबट ते कळत नाही.’ आणि मग काटा खाली ठेवला. तुला मी काय सांगणार! आपली बिअर आंबटच. चांगलं आंबट आणि नासकं आंबट यांतला फरक नाकात असतो, आणि त्या फरकावर आपलं घर उभं आहे. तू दहा वर्षांची असताना तो तुला डोळे बांधून कोठारात फिरवायचा आणि तू वासावरून पिंप ओळखायचीस. मला कधी ओळखता आलं नाही. माझी जीभ बटाट्याची आहे असं तो चाळीस वर्षं चारचौघांत सांगत आलाय. आता तीच बटाट्याची जीभ त्याला लागते.

गावात कुणाला माहीत नाही. आम्ही युक्ती काढली आहे. गिऱ्हाईक आलं की पिंपातून एक ग्लास काढायचा, तो वास घेतल्यासारखं करतो, मग ‘लुटगार्ड, तू पण बघ जरा’ म्हणून माझ्या हातात देतो. चांगली असेल तर मी ग्लास पिंपावर ठेवते. बिघडली असेल तर हातातच धरून ठेवते. मग तो गिऱ्हाइकाला सांगतो, ही अजून थांबू दे, ती घेऊन जा. खानावळवाला अजून म्हणतो, रेमीसारखं नाक खोऱ्यात दुसरं नाही.

आता खरं ते लिहिते. जुलैमध्ये जुन्या बिअरच्या पिंपांत चेरी घातल्या तेव्हा एका पिंपाचं बूच सैल राहिलं. त्या पिंपाभोवती चिलटं घोंगावायची. पूर्वी असतं तर त्याला आठवड्यात वास आला असता, चिलटांच्याही आधी. सप्टेंबरात त्याने त्या पिंपातून ग्लास काढला आणि माझ्या हातात दिला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, आम्ही दोघंच होतो. शिरका झाला होता, हिल्डे, नुसतं व्हिनेगर. डोळ्यांत पाणी येईल इतका. बटाट्यालाही कळलं असतं.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. या वर्षात त्याने स्वतःच्या हाताने केलेलं तेवढं एकच काम होतं. पडल्यानंतर शिडीवर पुन्हा पहिल्यांदा चढला होता तो त्या चेरीसाठी. मी ग्लास पिंपावर ठेवला.

मला वाटलं, एकच तर पिंप आहे. विकायच्या आधी काहीतरी सांगीन, गळालं म्हणीन, उंदीर पडला म्हणीन. पण दुसऱ्या दिवशी मी बाजाराला गेले आणि परत आले तर तो कोठारात शीळ घालत होता. मे महिन्यानंतर पहिल्यांदा शीळ. थंडीआधी पिंपं काठोकाठ भरून ठेवायची असतात ना, म्हणून त्याने चेरीची बाकीची सगळी पिंपं भरून काढली होती. कशातून, ते तुला सांगायला नको. ‘चांगली आहे म्हणालीस, म्हणून तीच सगळ्यांना थोडी थोडी दिली,’ म्हणाला.

आता सगळी गेली. मी रोज एकेक चाखते. दर वेळी आधीपेक्षा वाईट. त्याला सांगायला तोंड उघडते आणि सूप वाढते. मी सांगितलं तर तो मोडेल. आणि आता माझं ऐकेल की नाही तेही कळत नाही. तुझं ऐकेल. तुला त्याने नाक दिलंय. ये आणि काय करायचं ते सांग.

आई


स्टेनफेल्ड, ६ डिसेंबर

हिल्डे,

तुझी पेटी मिळाली.

चिठ्ठी शोधली. वर शोधली, खाली शोधली, पुठ्ठ्याच्या आत बोट घालून बघितलं. बाटल्याच फक्त. लेबलवर बर्फ, घसरगाडी आणि ‘गरम करून प्या’. मी तुला लिहिते की तुझा बाप मोडतोय, आणि तू मला तुमच्या बिअरच्या कारखान्याचं हे गोड सरबत पाठवतेस! हे काय समजायचं मी? जाहिरात? की ‘बघा, माझी खपते आणि तुमची नासते’? जिन्याखाली ढकलली पेटी. बाबाला दाखवली नाही. त्याने आजवर खूप सोसलंय, हे नाही सोसणार.

राग आहे, पण लिहिते आहे. कारण दुसरं कुणाला लिहू?

या पत्राबरोबर एक गोष्ट कळवायची आहे, ती नीट वाच. अठराच्या मेळ्याला आम्ही चेरीची बिअर तापवून देणार आहोत. तुझा बाप स्वतः हंड्याशी उभा राहणार आहे.

कल्पना माझीच. बाटल्यांत भरून विकली तर खोऱ्यात नाव जाईल. तापवली, दालचिनी-लवंग घातली, संत्र्याची साल आणि साखर घातली, तर कडाक्याच्या थंडीत कोण एवढं बघतंय? झाकून जाईल, पिंपं रिकामी होतील आणि त्याला कधी कळणारही नाही. विचार तर केला, पण त्याला सांगणार कसं? ‘गरम करून द्यावी लागते तिच्यात काहीतरी लपवायचं असतं,’ हे त्याचं वाक्य चार वर्षांपूर्वीच्या त्या मेळ्यात सगळ्या गावाने ऐकलंय. आणि तू हंडा मांडलेला, लोक रांगेत उभे, आणि त्याने लाथ मारलेली. तुझे बूट लाल झाले होते. बर्फ कितीतरी दिवस लाल होता. त्यानंतर तू गेलीस ती थेट त्या कारखान्यात, त्याच्या नाकावर टिच्चून.

म्हणून मी घाबरत घाबरतच बोलले. बटाटे सोलता सोलता म्हटलं, ‘यंदा मेळ्यात आपण तापवून दिली तर? हल्ली सगळ्यांना तशीच आवडते.’ वाटलं होतं, आता टेबल उलटणार.

तो म्हणाला, ‘देऊ.’

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, ‘साखर घालून?’

‘हिल्डे घालायची तेवढी घाल.’ मग म्हणाला, ‘तिला कळव. मीच हंडा मांडणार आहे म्हणून सांग. मी. माझ्या हाताने. येईल का ती?’

हिल्डे, तू जन्मलीस त्या दिवशीसुद्धा त्याने मला एवढ्या हळू आवाजात काही विचारलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, येईल. आणखी एक ग्लास पिंपावर ठेवला म्हण.

आता तो रोज संध्याकाळी हंडा घासतो. तुझाच हंडा. त्या दिवशी लाथेने पोचा पडला होता तो त्याने हातोड्याने काढलाय. मी मसाला लपवण्यासाठी घालतेय आणि तो तुझी माफी मागण्यासाठी. एकाच हंड्यात.

ये. चाखून काही बोलू नकोस, नुसती रांगेत उभी राहा आणि त्याच्या हातून कप घे. बस. सहाची शेवटची बस चर्चसमोर थांबते.

आई


स्टेनफेल्ड, १९ डिसेंबर

हिल्डे,

बर्फामुळे बस बंद होत्या असं मी स्वतःला सांगितलं. आज सकाळी मॉरित्सला विचारलं. म्हणाला, उशिरा होत्या, पण चालू होत्या.

बाबाने टाय घातला होता. वर तो जुना निळा स्वेटर, तू विणलेला, एक बाही लांब असलेला. चारपासून हंड्यापाशी उभा. वाफ वर जात होती, आणि मी सांगते, वास खरंच छान होता. लवंग, दालचिनी, संत्रं. मलाच क्षणभर वाटलं की जमलं. मग मी कप तोंडाला लावला. पहिला घोट गोड, मसालेदार, ऊबदार. आणि मग तो शिरका जिभेच्या मुळाशी येऊन बसला. तापवल्यावर तो आणखी वर आला होता, नाकात घुसत होता. इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, शिरका तापवला की काय होतं ते मला कळू नये? पण तोवर रांग लागली होती.

सगळे आले. गावात कुणी उरलंच नव्हतं घरी. तो प्रत्येकाला आपल्या हाताने कप देत होता आणि दर कपानंतर बस थांब्याकडे बघत होता. मॉरित्सने घोट घेतला. मी त्याच्याकडे बघत होते, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ‘वा, रेमी! छानच. अजून जराशी कोवळी आहे, एवढंच.’ मग खाटकाची विधवा आली. ‘रेमी, थंडीत किती बरं वाटलं! कोवळी आहे जराशी.’ मग खानावळवाला, मग शाळेची बाई. कोवळी, कोवळी, कोवळी.

तुला माहीत आहे आपल्याकडे हे कधी म्हणतात. कुणाच्याही कोठारात बिअर नासलेली निघाली तर तोंडावर नासली म्हणायचं नाही, कोवळी आहे म्हणायचं आणि ग्लास हळूच खाली ठेवायचा. तुझा बाप स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या कोठारात हेच म्हणत आलाय. दोन उन्हाळे पाहिलेली बिअर कोवळी कशी असेल? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हसला. दुसऱ्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं. विसाव्यांदा ऐकल्यावर त्याने पळी हंड्यात ठेवली आणि म्हणाला, ‘जरा लघवीला जाऊन येतो.’

चर्चच्या मागे कुंपणाशी गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी मागे गेले. तो टोपी हातात घेऊन उभा होता.

कुंपणाच्या कडेने सगळा बर्फ लाल होता, हिल्डे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकेक कप ओतल्याचा एकेक खड्डा, मधून मधून चेरीच्या बिया. सगळ्या गावाने तिथे येऊन ओतली होती आणि रिकामा कप घेऊन पुढे येऊन म्हटलं होतं, छान झालीय. काहींनी तर परत रांगेत उभं राहून दुसरा कप घेतला होता. त्याच्यासाठी.

‘यांना माहीत आहे,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘माझ्या नाकाचं. सगळ्यांना. कधीपासून?’

मॉरित्सने दुधाच्या दिवशीच ओळखलं असणार. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तो परत हंड्याशी गेला आणि शेवटच्या माणसापर्यंत कप देत राहिला. प्रत्येकाला ‘आभारी आहे’ म्हणाला. बस आली तेव्हा त्याने वर बघितलं नाही.

घरी आल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला, ‘तू चाखली होतीस.’

‘हो.’

‘कधी?’

‘सप्टेंबरात.’

‘आणि ग्लास पिंपावर ठेवलास.’

‘ठेवला.’

‘तेव्हा सांगितलं असतंस तर एक पिंप गेलं असतं.’ एवढंच बोलला आणि वर जाऊन झोपला. ओरडला असता तर मी पण ओरडले असते, आमचं लग्न तसंच तर चाललंय. पण तो ओरडला नाही.

गावाने दया केली त्याच्यावर. तू कधी कुणाच्या दयेला पात्र झाली आहेस का? मी झाले आहे काल. त्यापेक्षा त्यांनी हंड्याला लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

आई


स्टेनफेल्ड, २७ डिसेंबर

ख्रिसमस झाला. आम्ही ससा शिजवला, मी खाल्ला.

काल सकाळी मी उठले तर तो कोठारात होता. खडू घेऊन प्रत्येक पिंपावर फुली मारत होता. आधी चेरीच्या पिंपांवर मारली, ते समजण्यासारखं होतं. मग साध्या बिअरच्या पिंपांकडे वळला. तीन तीन वर्षं जपलेली पिंपं, एकातही खोट नाही. मी मधे जाऊन उभी राहिले. ‘ही चांगली आहेत, रेमी! मी चाखली आहेत. शपथ घेऊन सांगते, चांगली आहेत!’

‘तुझ्या शपथेचं आता काय करू मी?’

रागाने नाही म्हणाला. खरंच विचारत होता. त्याला स्वतःला कळत नाही आणि माझ्यावर विश्वास राहिला नाही. मग चांगली काय आणि वाईट काय! त्याने सगळी बुचं काढली. आधी लाल, मग पिवळी, सगळी फरशीवरून दारातून गटारात गेली. दिवसभर वाहत होती. ओढ्यातली बदकं संध्याकाळी नीट चालत नव्हती. एरवी आम्ही हसलो असतो.

मी मॉरित्सला बोलावून आणलं. तो दारात उभा राहिला, टोपी काढली, जसं काही आत कुणी गेलंय. ‘रेमी, अरे निदान ती तीन वर्षांची तरी ठेव,’ म्हणाला. बाबा म्हणाला, ‘ती पण कोवळी आहे, मॉरित्स.’ मॉरित्स रडत घरी गेला. मला तो कधी आवडला नाही, पण काल आवडला.

आज त्याने झाडू घेतला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. कोठारातल्या तुळयांवरची, कोपऱ्यांतली, आजोबांच्या वेळपासूनची कोळिष्टकं एकेक करून काढली. सगळी. कोठार लख्ख झालंय, हॉस्पिटलसारखं. त्यानंतर तो टेबलाशी बसलाय. जेवत नाही. ‘काय खाऊ, सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं,’ म्हणतो. शिडी कुठे आहे असं सकाळपासून दोनदा विचारलं. मी ती करवतीने कापून कोंबड्यांच्या खुराड्यामागे टाकली आहे. मला भीती वाटते. हे मी तुला लिहिते आहे कारण मोठ्याने बोलता येत नाही.

माझं चुकलं. तुला यायला सांगून चुकलं की नाही ते मात्र अजून कळत नाही.

आई


स्टेनफेल्ड, १७ जानेवारी २०११

हिल्डे,

सहा तारखेला तीन राजांचा सण होता. पोरं डोक्यावर कागदी मुकुट घालून दारोदार गाणी म्हणत फिरत होती, आपल्याकडेही आली. खाऊ द्यायला घरात काही नव्हतं, मी दुकानात जायचंच सोडलंय. बाबा उठला. त्याआधीच्या दहा दिवसांत आपणहून उठला तो पहिल्यांदा. ‘जिन्याखाली बिस्किटांचा डबा असेल,’ म्हणाला आणि गेला. मला वेळेवर आठवलं नाही.

पोरांना त्याने डबा दिला, दार लावलं आणि पेटी ओढत स्वयंपाकघरात आणली.

‘तिनं पाठवलंय?’

‘हो.’

‘कधी?’

‘डिसेंबरात, सेंट निकोलासच्या सणाला.’

‘आणि तू जिन्याखाली ठेवलंस.’

‘ठेवलं.’

त्याने एक बाटली काढून लेबल बघितलं. मला वाटलं, आता भिंतीवर जाणार. तो म्हणाला, ‘तापव.’

मी पातेलं ठेवलं. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, कोठारात उभा राहायचा तसा, हात पाठीमागे बांधून. ‘उकळू देऊ नकोस. वाफ धरली की उतरव.’ मी उतरवलं. कपात ओतलं. त्याने कप दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला, सवयीने. मग माझ्याकडे बघितलं. ‘सांग.’

‘काय सांगू?’

‘वास कसला आहे. खरं सांग. मी ओळखीन खोटं.’

मी वास घेतला. हिल्डे, माझ्या या नाकाने आयुष्यात पहिल्यांदा एवढा नीट वास घेतला असेल. म्हटलं, आधी लवंग आहे. मग दालचिनी, तू घालायचीस तशी जरा जास्तच. संत्र्याची साल आहे, पण सुकी. मग चेरी, शिजलेली, मुरंब्यासारखी. मग मी म्हणाले, ‘मला विचारशील तर सरबत आहे.’ तो म्हणाला, ‘तुला कोण विचारतंय! पुढे सांग.’ मग मी घोट घेतला आणि थांबले. तळाशी बियांची चव होती. बदामासारखी, जराशी कडवट. मी त्याला सांगितलं, ‘रेमी, हिने बिया ठेवल्या आहेत.’

कारखान्यात बिया कोण ठेवतं, हिल्डे? बियांशिवाय चेरी म्हणजे नुसता रंग, हे तुला त्यानेच शिकवलं होतं ना?

मग त्याने घोट घेतला. तोंडात धरला, इकडून तिकडे फिरवला, डोळे मिटले. बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. मग त्याने गिळला आणि म्हणाला, ‘गोड.’

पुन्हा घोट घेतला. ‘गोड आहे, लुटगार्ड. बाकी काही नाही, पण गोड आहे. गोड कळतंय मला.’ आणि त्या स्वेटरच्या लांब बाहीने डोळे पुसले.

त्या रात्रभर मी जागी होते आणि मला माझंच पत्र आठवत होतं. नोव्हेंबरातलं. त्यात मी तुला लिहिलं होतं, जिभेला कळतं त्यात गोड सगळ्यात स्पष्ट. मी लिहिलं आणि विसरले. तू वाचलंस आणि पेटी पाठवलीस. तेच तुझं उत्तर होतं ना? तुम्ही दोघंही अशी, तोंडाने बोलाल तर शपथ! आणि मी त्यात चिठ्ठी शोधली, आणि ती मिळाली नाही म्हणून तुझं उत्तर महिनाभर अंधारात ठेवलं, घरपट्टीच्या फायली आणि तुटक्या छत्र्यांबरोबर. ती पेटी त्याला त्याच दिवशी दिली असती तर त्याने मेळ्यात तुझीच बिअर तापवली असती. पिंपं राहिली असती. कोळी राहिले असते. हे मी आता रोज स्वतःला सांगते, आणि सांगून काही होत नाही.

तो बरा झालाय असं समजू नकोस. दिवसभर टेबलाशी बसतो. कोठाराकडे जात नाही. रात्री उठून खिडकीशी उभा राहतो. नाक येणार नाही, हे त्याला कळून चुकलंय, डॉक्टरने वर्ष म्हटलं असलं तरी. पण संध्याकाळ झाली की तो कप काढून ठेवतो. रोज एक बाटली. मला देत नाही. पिताना ‘सांग’ म्हणतो आणि मी सांगते, लवंग, दालचिनी, साल, चेरी, बिया. रोज तेच. बियांपाशी आलो की तो मान हलवतो.

‘तिला काही लिहू का तुझ्याकडून?’ असं मी विचारलं. नको म्हणाला. ‘हंड्याशी मी उभा होतो हे तिला कळलं ना, मग झालं.’

ये, असं मी आता म्हणत नाही. इथे चाखण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि ते लख्ख कोठार तुला बघवणार नाही. पण पेटी संपत आली आहे. आणखी पाठव. आणि तुमच्या तिथे कुणाला सांगता येत असेल, तुझ्या हातात असेल, तर एक कर.

काल अर्धा कप झाल्यावर त्याने माझ्याकडे साखरेचा डबा मागितला. दोन चमचे घातले, ढवळलं, घोट घेतला, आणि आणखी दोन घातले. पहिल्या दिवशी तेच त्याला साखरेशिवाय गोड लागलं होतं. म्हणून म्हणते, पुढची पेटी याहून गोड कर. जितकी करता येईल तितकी गोड कर.

आई